नाडीखालची जखम

आपल्यापैकी बहुतेकींच्या कमरेवर एक काळपट पट्टा असतो. परकराची नाडी जिथे बसते, बरोबर तिथे. कुणाचा फिकट, कुणाचा गडद, कुणाचा हाताला खरखरीत लागणारा. उन्हाळ्यात घामाने तिथे चुणचुणतं, खाजतं, रात्री नाडी सैल केली की बरं वाटतं. आईला तो होता, आजीला होता, त्यामुळे त्यात काही विशेष आहे असं मनातही येत नाही. उलट बाळंतपणानंतर पोट सुटू नये म्हणून नाडी घट्ट बांधायची, हे आपल्याला शिकवूनच सासरी पाठवलेलं असतं.

डॉक्टर मंडळी मात्र या पट्ट्याविषयी बऱ्याच वर्षांपासून लिहीत आली आहेत. मुंबईच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलमधले नामवंत पॅथॉलॉजिस्ट डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी सूर्याबाई या सहकारी संशोधिकेबरोबर १९४५ साली एक निबंध लिहिला. आपल्या चालीरीतींमुळे होणाऱ्या कॅन्सरवर तो होता आणि त्यात धोतराच्या गाठीखाली कमरेवर होणाऱ्या त्वचेच्या कॅन्सरची नोंद होती. पुढे मुंबईच्या डॉक्टरांनी बायकांच्या कमरेवरच्या अशाच जखमांना 'साडी कॅन्सर' हे नाव दिलं. काश्मीरमध्ये थंडीच्या दिवसांत फेरणाखाली निखाऱ्यांची कांगडी घेऊन बसतात, तिथे मांड्यांवर आणि पोटावर असा कॅन्सर होतो. त्याला 'कांगडी कॅन्सर' म्हणतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये वर्ध्याच्या आणि बिहारच्या डॉक्टरांनी 'बीएमजे केस रिपोर्ट्स' या ब्रिटिश नियतकालिकात दोन बायकांची हकिकत छापली. त्यांतली एक सत्तर वर्षांची, दीड वर्ष भरून न येणाऱ्या जखमेची. दुसरी साठी ओलांडलेली, चाळीस वर्षं परकराशिवाय कमरेला घट्ट लुगडं नेसणारी. तिच्या जखमेतला कॅन्सर जांघेतल्या गाठीत पोचला होता.

ती दुसरी हकिकत वाचताना मला माझ्या सासूबाईच दिसत होत्या.

आम्ही आंबवड्याचे. भोरपासून दहा-बारा किलोमीटरवर, रायरेश्वराच्या डोंगराकडे जाताना लागणारं आमचं गाव. नागेश्वराचं देऊळ, संस्थानच्या काळातला झुलता पूल आणि कान्होजी जेधे व जिवा महाला यांच्या समाध्या पाहायला लोक येतात. आम्हा बायकांचं गाव म्हणजे भाताची खाचरं. जुलैत लावणी, दिवाळीनंतर कापणी आणि झोडणी. लावणीला कमरेत वाकून दिवस दिवस चिखलात उभं राहायचं. त्यामुळे लुगडं असं आवळून नेसायचं की संध्याकाळपर्यंत ढळता कामा नये. सासूबाईंना आम्ही आत्या म्हणायचो. आत्यांनी उभ्या जन्मात परकर घातला नाही. नऊवारी लुगडं, उजव्या कुशीवर गाठ आणि तिथेच कनवटीला चार नाणी, तंबाखूची डबी, देवळातला अंगारा. पन्नास वर्षं ती गाठ त्याच जागी.

त्या जागेवर २०१८ च्या सुमारास जखम झाली होती, हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. आत्यांनी ती हळद लावून, मग मेडिकलमधून नायट्याचं मलम आणून झाकली. उन्हाळ्यात उघडायची, थंडीत खपली धरायची. लुगड्यावर रोज एकाच जागी डाग दिसायला लागला, तेव्हा मी विचारलं. तर म्हणाल्या, "न्हाई गं, फोड फुटलाय. कमरंचं कुनाला दावत्यात का?"

हे वाक्य मी पुढे वेगवेगळ्या बायकांच्या तोंडून ऐकलं आहे. हात भाजला, पायाला काटा लागला तर आपण चारचौघांत दाखवतो. कमरेचं, छातीचं, मांडीचं मात्र झाकायचं. डॉक्टर पुरुष असला तर विषयच संपला. लाज हे या आजाराचं अर्धं कारण आहे, असं मला वाटतं.

२०२० च्या महाशिवरात्रीच्या सुमारास आत्यांना भोरला दाखवलं. डॉक्टरांनी जखमेच्या कडा बोटाने चाचपल्या. त्या उंच आणि टणक झाल्या होत्या, आतला भाग फुलकोबीसारखा दिसत होता आणि हात लावला की रक्त येत होतं. ते म्हणाले, पुण्याला नेऊन तुकडा तपासून घ्या. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात रिपोर्ट आला. त्वचेच्या वरच्या थराचा कॅन्सर, स्क्वॅमस सेल कार्सिनोमा. डॉक्टरांनी धीर दिला. म्हणाले, हा हळू वाढणारा प्रकार आहे. जखम चांगल्या कातडीच्या कडेसकट काढून टाकायची आणि मांडीची कातडी घेऊन तिथे लावायची. ऑपरेशनची तारीख मिळाली मार्च महिन्याच्या शेवटच्या आठवड्यातली.

पुण्यात महाराष्ट्रातले पहिले कोरोनाचे रुग्ण सापडले ९ मार्चला. २२ मार्चला जनता कर्फ्यू झाला आणि २४ च्या मध्यरात्रीपासून देश बंद झाला. दोन दिवसांनी दवाखान्यातून फोन आला. तातडीची नसलेली ऑपरेशनं पुढे ढकलली आहेत, पुढची तारीख कळवू.

तातडीचं कशाला म्हणायचं?

आज मागे वळून पाहताना त्या फोनवरच्या बाईंचाही राग येत नाही. खाटा लागतील, व्हेंटिलेटर लागतील, भूलतज्ज्ञ लागतील, म्हणून सगळीकडेच तसे आदेश होते. पण कॅन्सर तारखेसाठी थांबत नाही, ही गोष्ट खरीच होती. देशातल्या ४१ कॅन्सर केंद्रांचे त्या काळातले आकडे टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी २०२१ साली 'लॅन्सेट ऑन्कॉलॉजी'मध्ये छापले. मार्च ते मे २०१९ या तीन महिन्यांत या केंद्रांत १,१२,२७० नवे रुग्ण नोंदवले गेले होते. २०२० च्या त्याच तीन महिन्यांत ५१,७६०. म्हणजे निम्म्याहून कमी. मोठी ऑपरेशनं १७,१२० वरून ८,६७७ वर आली. ही केंद्रं बंद नव्हती, पण लोकांना तिथवर पोचता येत नव्हतं. न पोचलेल्या त्या साठ हजार जणांचं त्या काळात काय झालं असेल? त्यांच्या जखमा कुणी धुतल्या असतील? बहुतेक घरांत ते काम कुणातरी सुनेने, लेकीने, बायकोनेच केलं असणार.

आमच्या घरात ते माझ्याकडे आलं. एसटी बंद, गावाच्या वेशीवर बांबू आडवे टाकलेले. मुंबईहून आलेल्यांना शाळेत चौदा दिवस ठेवलेलं. पुण्याला जाऊन आलेल्या माणसाकडे लोक संशयाने बघायचे. रिपोर्टच्या दिवशी आम्ही पुण्याला जाऊन आलो होतो, तेवढ्यावरून शेजारच्यांनी दूध घालणं थांबवलं. त्यांनाही दोष कसा द्यायचा? भीतीच तशी होती.

त्या अडीच महिन्यांत मी जे शिकले ते डॉक्टरांनी फोनवरून सांगितलेलं आणि आशाताईंनी दारात, सहा फुटांवर उभं राहून समजावलेलं आहे. कॅन्सरची उघडी जखम घरी सांभाळायची वेळ आजही अनेकींवर येते. म्हणून ते इथे सविस्तर लिहिते. मात्र प्रत्येक जखम वेगळी असते, आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही करू नका.

पहिली गोष्ट पाण्याची. अर्धा लिटर पाणी खळखळून उकळायचं, झाकून गार करायचं आणि त्यात चहाचा एक सपाट चमचा मीठ. जखम धुवायला हेच पाणी. डेटॉल, स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड असल्या झोंबणाऱ्या गोष्टी रोज ओतल्या तर नवी कातडीही जळते. हळद, राख, शेण, कुणी आणून दिलेला पाला, काहीही लावायचं नाही.

दुसरी गोष्ट पट्टीची. गॉज संपला तेव्हा भोरची मेडिकलची दुकानं उघडी असूनही जायची सोय नव्हती. मग जुनी सुती धोतरं आणि लुगडी कामाला आली. धुऊन, चौकोनी तुकडे करून, स्टीलच्या डब्यात भरून कुकरमध्ये शिट्या काढायच्या आणि डबा तसाच कोरडा ठेवायचा. जुनी पट्टी कधी ओढून काढायची नाही. मिठाच्या पाण्याने भिजवायची, पाच-दहा मिनिटं थांबायचं, ती आपोआप सुटते. पट्टी बदलायच्या अर्धा तास आधी दुखण्याची गोळी द्यायची, म्हणजे माणूस त्या वेळेला घाबरत नाही.

तिसरी गोष्ट रक्ताची. अशा जखमेतून अधूनमधून रक्त येतं. घाबरून वरचेवर उचलून बघायचं नाही. स्वच्छ कापडाची घडी ठेवून तळव्याने दहा-पंधरा मिनिटं दाबून धरायचं. डॉक्टरांनी मला एक साधी युक्ती सांगितली होती. अंथरुणाजवळ गडद रंगाचा टॉवेल ठेवा. पांढऱ्या कापडावर चमचाभर रक्त घागरभर दिसतं, रुग्ण बघून गळून जातो. आम्ही चॉकलेटी रंगाचा टॉवेल ठेवला होता. रक्त थांबतच नसेल, तर मात्र दवाखान्याला पर्याय नाही.

चौथी गोष्ट वासाची. याविषयी कुणी बोलत नाही, पण घर मोडतं ते वासाने. जखमेत जंतू वाढले की कुजका वास येतो. आत्या स्वतःच जेवायला पडवीत बसायला लागल्या. नातवंडांना जवळ घेईनात. फोनवर सांगितल्यावर डॉक्टरांनी मेट्रोनिडॅझोलच्या गोळ्या लिहून दिल्या. त्या खलबत्त्यात वस्त्रगाळ कुटायच्या आणि ती भुकटी धुतलेल्या जखमेवर भुरभुरायची. चार-पाच दिवसांत फरक पडला. खाटेखाली टोपलीत लाकडी कोळसे ठेवले, खिडकी उघडी ठेवली. उदबत्ती आणि अत्तर यांनी वास जात नाही, दोन्ही मिसळून आणखी मळमळतं. माश्यांसाठी दिवसाही मच्छरदाणी लावायची, कारण माशी बसली की जखमेत अळ्या पडतात.

त्या दिवसांत मास्कचा एक उपकार झाला. घरात येणारा-जाणारा प्रत्येक जण तोंड-नाक बांधून असायचा. त्यामुळे कुणी नाकाला पदर लावतंय, असं आत्यांना दिसायचं नाही.

सव्वा दोन तासांचा रस्ता

मे महिन्यात फोन करून करून शेवटी तारीख मिळाली. २०२० च्या त्याच मे महिन्यात महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना राज्यातल्या सगळ्या कुटुंबांसाठी खुली झाली होती, त्यामुळे खर्चाचा मोठा घोर गेला. पण अटी बऱ्याच होत्या. आधी स्वॅब, तो निगेटिव्ह आला तरच दाखल. सोबत एकच माणूस आणि एकदा आत गेल्यावर त्या माणसाने बाहेर यायचं नाही. पोलिसांचा ऑनलाइन पास काढायचा होता. ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ आलं, आमच्याकडची वीज गेली, मोबाइलची रेंज गेली. धाकट्या दिरांनी भोरला जाऊन पास छापून आणला. कापूरहोळला हायवे लागेपर्यंत रस्त्यात आमच्या जीपशिवाय वाहन नव्हतं. कात्रजच्या अलीकडे पोलिसांनी थांबवलं. त्यांतल्या एका पोलीसताईंनी कागद पाहिले, आत डोकावल्या आणि आत्यांना म्हणाल्या, "आजी, बऱ्या होऊन या."

जूनच्या मध्यावर ऑपरेशन झालं. मार्चमध्ये रुपयाएवढी वाटणारी जखम तोवर तळहाताएवढी झाली होती. जांघेतल्या गाठीही काढल्या. त्यांतल्या एका गाठीत कॅन्सर निघाला. मार्चमध्ये तो तिथे होता की नव्हता, हे कुणीच सांगू शकत नाही. मी डॉक्टरांना विचारलं होतं. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "ताई, या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही. आता पुढचं करू या."

पुढचं म्हणजे शेक, रेडिएशन. आठवड्यातून पाच दिवस, असे पंचवीस दिवस. रोज आंबवडे ते पुणे जाणं शक्य नव्हतं. भाड्याने खोली बघायला गेलो की घरमालक विचारायचे, कुठून आलात, कशासाठी? दवाखान्याचं नाव घेतलं की दार बंद. शेवटी ह्यांच्या मित्राच्या बंद दुकानामागची खोली मिळाली. मी आणि आत्या दोघीच. ऑगस्टमध्ये शेक सुरू झाला. रोज दवाखान्यात गेल्यावर ताप मोजायचा, बोटाला मशीन लावायचं, दोन खुर्च्या सोडून बसायचं. शेक दिलेली कातडी काळी पडते, सोलवटते. तिथे साबण, तेल, पावडर काही लावायचं नाही, सैल सुती कपडा घालायचा. आत्यांनी तेव्हा जन्मात पहिल्यांदा गाऊन घातला. आरशात बघून म्हणाल्या, "पाद्र्यावानी दिसतीय गं मी."

सोळाव्या दिवशी आत्यांना ताप आला आणि स्वॅब पॉझिटिव्ह निघाला. सप्टेंबरमध्ये पुण्यात बेड मिळण्याची मारामार होती. नशिबाने त्यांना ऑक्सिजन लागला नाही. शेक मात्र सतरा दिवस थांबला. मीही त्याच खोलीत, एका पडद्याच्या पलीकडे. घरचे फोनवर रडत होते. आत्या पडद्याआडून मला सांगायच्या, "तू चहा घे आधी. माझं मरन एवढ्या लवकर न्हाई यायचं."

खरंच आलं नाही. उरलेले दिवस पुरे करून ऑक्टोबरमध्ये आम्ही घरी आलो. त्या वर्षीची कापणी आत्यांनी बांधावर बसून बघितली.

दुसरी लाट

२०२१ च्या फेब्रुवारीत जांघेत पुन्हा गाठ लागली. १ मार्चपासून साठीच्या वरच्यांना लस सुरू झाली तेव्हा आत्यांना पहिली लस मिळाली. कॅन्सरच्या माणसाला लस चालेल का, ही शंका घरात सगळ्यांना होती. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की यांना तर आधी द्या. पण तपासणीत कॅन्सर पोटातल्या गाठींपर्यंत पसरलेला दिसला. आता आणखी चिरफाड करून त्रासच वाढेल, असं डॉक्टरांचं मत पडलं.

आपल्याकडे इथे वाक्य संपतं. 'आता काही करण्यासारखं नाही, घरी न्या.' पण करण्यासारखं पुष्कळ असतं, हे मला त्या तीन महिन्यांत समजलं. त्याला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. सोप्या मराठीत, बरं होणार नसलं तरी त्रास होऊ न देण्याची काळजी. पुण्यात वारज्याला सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर केंद्र १९९७ पासून आहे. तिथे कॅन्सरच्या रुग्णांची आणि त्यांच्या घरच्यांची मोफत काळजी घेतली जाते. मुंबईत टाटा मेमोरियलमध्येही यासाठी वेगळा विभाग आहे. आणि मार्च २०२० मध्ये सरकारने डॉक्टरांना फोनवरून, व्हिडिओवरून सल्ला देण्याचे नियम ठरवून दिले. त्यामुळे पुढे आमच्यासारख्या आडबाजूच्या गावातही डॉक्टर मोबाइलवर जखम बघून औषध सांगू लागले. दीर झुलत्या पुलाच्या बाजूला जाऊन रेंज शोधायचे आणि फोटो पाठवायचे.

दुखण्यासाठी डॉक्टरांनी मॉर्फिनच्या गोळ्या सुरू केल्या. मॉर्फिनचं नाव काढलं की घरातली माणसं दचकतात. सवय लागेल, गुंगीत जाईल, शेवट जवळ आला म्हणून देतात, असं वाटतं. डॉक्टरांनी समजावलं की ठरलेल्या वेळी, ठरलेल्या प्रमाणात घेतलं तर माणूस शुद्धीत, बोलत-चालत राहतो. दुखायला लागल्यावर गोळी द्यायची नाही, दुखायच्या आधी द्यायची. दर चार तासांनी, घड्याळ लावून. सोबत पोट साफ होण्याचं औषध आठवणीने द्यायचं, कारण मॉर्फिनने बद्धकोष्ठ होतं. अंमली पदार्थांच्या कायद्यात २०१४ साली बदल झाला आणि मान्यता मिळालेल्या दवाखान्यांना मॉर्फिन ठेवणं सोपं झालं. तरीही ते प्रत्येक मेडिकलमध्ये मिळत नाही, म्हणून कुठे मिळतं हे आधीच विचारून ठेवावं.

एप्रिल-मे २०२१ मध्ये आमच्या भागातही घरोघरी माणसं आजारी होती. एकेका घरातून दोन-दोन जण गेले. दवाखान्यात नेलेलं माणूस परत दिसत नव्हतं, मयताला चार खांदे मिळत नव्हते. आत्यांनी एकच गोष्ट मागितली होती. "मला तिकडं नेऊ नगा. पिशवीत बांधत्यात म्हनं." आम्ही त्यांना शब्द दिला आणि तो पाळता यावा म्हणून घर बंद करून घेतलं. ह्यांनी डेअरीवर जाणं सोडलं. मी माहेरी मावशीच्या दिवसांना गेले नाही. किराणा आणायचा तो अंगणात दिवसभर उन्हात पडू द्यायचा. आज ते जास्तीचं वाटेल, पण कॅन्सरच्या माणसाला कोरोना झाला तर काय होईल याची धास्ती काय असते, हे ज्याने अनुभवलं त्यालाच कळेल.

काळजी घेणाऱ्या बाईविषयीही दोन शब्द लिहायला हवेत. रात्री दोनच्या गोळीला उठायचं, सकाळी धार, स्वयंपाक, मुलांची मोबाइलवरची शाळा, अकराला पट्टी. मेच्या शेवटी मला भांडी घासताना चक्कर आली. तेव्हा जाऊबाईंनी रात्रीची गोळी स्वतःकडे घेतली आणि ह्यांनी पट्टी बांधायला शिकून घेतलं. आईची जखम मुलाने धुवायची, तीही कमरेची, हे आत्यांना पटेना. दोन दिवस तोंड फिरवून पडल्या होत्या. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "त्याचा हात तुझ्यापरीस हलका हाय बघ." मैत्रिणींनो, हे काम सुनेचंच असं कुठेही लिहिलेलं नाही. घरातल्या पुरुषांना शिकवलं तर ते शिकतात.

आत्या गेल्या जुलैच्या पहिल्या आठवड्यात, पहाटे, स्वतःच्या खोलीत. रात्री त्यांनी नातीकडून पायाला तेल लावून घेतलं होतं आणि आवण कितपत वाढलंय ते विचारलं होतं. दुखत नव्हतं. एवढं आम्हाला करता आलं.

लक्ष कशावर ठेवायचं?

घाबरवण्यासाठी हे लिहिलेलं नाही. त्वचेचा कॅन्सर गोऱ्या लोकांच्या मानाने आपल्याकडे कमी होतो, आपल्या कातडीतलं मेलॅनिन आपल्याला उन्हापासून वाचवतं. कमरेवरचा काळा पट्टा बहुतेकींच्या बाबतीत काळा पट्टाच राहतो. पण आपल्याकडे हा कॅन्सर उन्हापेक्षा जुन्या जखमेतून, भाजल्याच्या व्रणातून, सततच्या घासण्यातून पुष्कळदा येतो आणि म्हणूनच तो नायटा किंवा गळू समजला जातो. वेळेवर सापडला तर छोट्या ऑपरेशनने काम भागतं.

कुठलीही जखम महिनाभरात भरली नाही, भरून पुन्हा पुन्हा उघडली, तिच्या कडा उंच आणि टणक झाल्या, हात लावल्यावर रक्त आलं, तर तुकडा तपासून घ्या. लहानपणी चुलीवर किंवा स्टोव्हने भाजलेल्या जागी वीस-तीस वर्षांनी जखम झाली, तरीही. भाजल्याच्या व्रणावर होणाऱ्या अशा जखमेला मार्जोलिन अल्सर म्हणतात, मार्जोलिन या फ्रेंच सर्जनच्या नावावरून. तळपायावर किंवा नखाखाली वाढत जाणारा काळा डाग असेल तर तोही दाखवा, कारण सावळ्या माणसांत मेलॅनोमा नावाचा जास्त घातक कॅन्सर बहुधा तिथे होतो. जांघेत अवधाण येऊन ते उतरत नसेल, तर लाजू नका.

आणि नाडी. बारीक दोरीऐवजी रुंद पट्टा किंवा इलॅस्टिक लावा. रोज एकाच जागी गाठ नको, कधी पुढे, कधी डावीकडे, थोडी वर, थोडी खाली. लुगडं नेसणाऱ्यांनी आत परकर किंवा मऊ सुती पट्टा घ्यावा. घरात असताना सैल कपडे. आंघोळीनंतर ती जागा कोरडी करायची, खरखरीत झाली असेल तर खोबरेल तेल. कनवटीला पैसे ठेवण्यापेक्षा गळ्यात बटवा बरा.

आमच्या बचत गटाच्या सभेत मी हे सगळं सांगितलं तेव्हा आधी हसाहस झाली. मग एकजण म्हणाली, दार लावून घ्या. दार लावलं आणि आम्ही सोळाजणींनी एकमेकींच्या कमरा बघितल्या. आशाताई बॅटरी धरून उभ्या होत्या. तिघींना भोरला पाठवायचं ठरलं. दोघींचा नायटा निघाला, औषधाने गेला. तिसरीच्या भाजल्याच्या व्रणावर बरेच दिवसांची जखम होती, तिचा तुकडा पुण्याला तपासला. कॅन्सर नव्हता. त्या दिवशी तिच्याबरोबर तिची सासू गेली होती. रिपोर्ट हातात घेऊन दोघी संध्याकाळच्या एसटीने परत आल्या, तेव्हा खेप फुकट गेली असं कुणी म्हटलं नाही.